इतर, नमूद करा

पुण्याहून मेल आला. बेचाळीस मुलाखतींचा मजकूर
यंत्रानं ऐकून, टंकून, तक्त्यात घालून पाठवला.
स्त्रिया नऊ. पुरुष तेहतीस.
खाली निष्कर्षाचं एक वाक्यही सुचवलेलं:
महिलांपर्यंत डिजिटल सेवा पोचत नाहीत.

मी कसबा बावड्याच्या सेवा केंद्राबाहेर
चार आठवडे प्लॅस्टिकच्या खुर्चीत होते.
बायका सत्तावीस होत्या.
माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायल्यात त्या,
मला मोजायला यंत्र नको.
मग अठरा जणी गेल्या कुठं?

फाईल उघडली. मुलाखत क्रमांक सात.
"मी तीन डाव आलो.
पयल्यांदा आलो तवा सर्व्हर न्हवता,
दुसऱ्यांदा आलो तर पोरगं जेवाय गेलतं,
तिसऱ्यांदा सगळं होतं, पण बोट उठंना."
लिंग: पुरुष.

ही चंपाबाई मुधाळे, हुपरीची, लेकीकडं आलेली.
चाळीस वर्षं पैंजणांना घुंगरं जोडली.
अंगठा पुढं करून दाखवला मला,
उन्हात धरला तरी गुळगुळीत.
"रेघा चांदीत गेल्या," म्हणाली,
"आन् चांदी मालकाकडं."
समाधान एक ते पाचमध्ये सांगा म्हटलं, तर
"पाचाला जादा पैसं पडत्यात काय?"
हा प्रश्न तक्त्यात कुठंच नाही.

क्रमांक एकोणीस, जैबुन शिकलगार.
"गल्लीत धड चालणारा फोन माझाच.
तेरा जणींच्या अर्जावर माझा नंबर.
ओटीपी आला की मी दारात उभा राहतो अन् वरडतो,
कुणाचा गं ह्यो?
कुणी भाकरी थापत असती, कुणी न्हात असती,
दहा मिनिटांत मरतंय ते आकडं.
मग म्या परत मागवतो."
लिंग: पुरुष. वर एक शेरा:
उत्तरदाता कुटुंबप्रमुख असावा.

असावा.

आमच्याकडं बाई आलो म्हणते, गेलो म्हणते,
अर्ज भरलो, हेलपाटा मारलो, परत येतो.
का, ते मला कुणी सांगितलं नाही,
आईनं नाही, शाळेतल्या बाईंनीही नाही; त्याही तसंच बोलायच्या.
मीही तेच बोलत होते, बारावीपर्यंत.
पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या रात्री
"मी जेवून आलो" म्हणाले
आणि खोलीतल्या तिघी पलंगावर लोळून हसल्या.
त्या आठवड्यात मी सगळी क्रियापदं
एकेक करून धुऊन वाळत घातली.
डाग गेले. चांगली शिष्यवृत्ती मिळाली.

आता रात्रीचे दोन. कानाला हेडफोन.
अठरा आवाज पुन्हा पहिल्यापासून.
मागं केंद्रातल्या प्रिंटरची घरघर,
कुणीतरी टोकन नंबर एकतीस म्हणतंय,
एक म्हैस नेमकी तेव्हाच हंबरतेय,
(यंत्रानं तिथं लिहिलंय: अस्पष्ट संमती)
आणि मध्ये मध्ये मी,
स्वच्छ, नीटनेटकी, पुण्याची,
"अच्छा, मग तुम्ही काय केलंत?"
माझ्या प्रत्येक वाक्यासमोर अचूक: स्त्री.

सोमवारी सकाळी बैठक, पडद्यावर सहा चौकोन.
देवस्थळी सर म्हणाले, अचूकता चौऱ्याण्णव टक्के आहे,
नियमाला अपवाद असतोच,
तुम्ही त्यांना 'इतर'मध्ये टाका आणि पुढं नमूद करा.
किती फायली तपासून झाल्या?

"सगळ्या," मी म्हणाले. "रात्रभर बसलो होतो सर."

एका चौकोनात कुणीतरी हसू दाबलं.
सर चष्मा पुसत राहिले.
मी शब्द परत घेतला नाही.

कोपऱ्यात लाल ठिपका होता, रेकॉर्डिंग चालू.
यंत्र ऐकत होतं.
लिहू दे त्याला काय लिहायचं ते.